माळकरी आणि मालबेक

देऊळगावराजा ते कावनई, साधारण तीनशे किलोमीटर. सोबत तुळशीची माळ घातलेले बाबा. आणि प्लॅन काय, तर वाइन टेस्टिंगचा!

"तू पेते का मग हे?"

समृद्धी महामार्गावर, ताशी शंभरच्या स्पीडला, बाबांनी हा प्रश्न टाकला. एसी फुल होता, तरी मला घाम फुटला. पुण्यात नोकरीला लागून सहा वर्षं झाली. टीम डिनर, मैत्रिणींचे बर्थडे, एक ब्रेकअप... सगळं धरून आकडा काही फार भयंकर नव्हता, पण दर आषाढीला उपास करणाऱ्या माळकरी बापाला सांगावा असाही नव्हता. "थांबा बाबा, आधी हा ट्रक मागे टाकू द्या," म्हणून मी वेळ मारून नेली. त्यानंतर वीस किलोमीटर रस्त्यावर एकही ट्रक नव्हता.

हा सगळा उद्योग माझाच होता. आमची देऊळगावराजाजवळ अडीच एकर द्राक्षबाग आहे. बुलढाणा म्हटलं की तुम्हाला लोणारचं सरोवर, शेगावची कचोरी नाहीतर सिंदखेडराजाचा लखुजी जाधवांचा वाडा आठवणार. द्राक्षं कोणालाच आठवत नाहीत. पण जिल्ह्याची हद्द ओलांडून जालन्यात शिरलं की कडवंची नावाचं गाव लागतं. १९९० च्या दशकात या कोरडवाहू गावाने पाणलोटाची कामं केली, शिवारात पाणी अडवलं आणि पुढे द्राक्षाचं गाव म्हणून नाव कमावलं. ते बघून आमच्या बाबांनीही कपाशीतून एक तुकडा मोकळा केला आणि वेली लावल्या. माझं इंजिनिअरिंग त्या वेलींवर झालं.

गेल्या काही सीझनपासून मात्र गणित बसेना. घड भरले की अवकाळी पाऊस, नाहीतर गारा. मण्यांना तडे गेले की व्यापारी बागेत पाय ठेवत नाही. यंदा बाबा फोनवर म्हणाले, "बाग मोडतो आता. सोयाबीन टाकतो." आवाज असा, जसं घरातलं जुनं कपाट विकायचंय. मी तीन दिवस नीट जेवले नाही. मग ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये डोक्यात आलं, खायची द्राक्षं परवडत नाहीत तर वाइनची लावली तर? नाशिककडे एवढ्या वायनरी आहेत. जाऊन बघायला काय हरकत आहे? बाबा तयार व्हायला मात्र एक आठवडा लागला. शेवटी कामी आलं ते कपिलधारा तीर्थ. ते कावनईलाच आहे. नाशिक-त्र्यंबकचा सिंहस्थ पूर्वी तिथेच भरायचा, अशी श्रद्धा आहे. "दर्शन होईन म्हणतेस? मग चाल."

डोंगरउताराची वायनरी

नाशिकची वाइन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सुला येते. रविवारची गर्दी, सेल्फी, पार्किंगची रांग. मला तसलं काही नको होतं. बाबांना प्रश्न विचारता येतील अशी छोटी जागा हवी होती. म्हणून निवडली शैलेंद्र पै यांची व्हॅलोने. भरवीरजवळ महामार्ग सोडला, घोटीच्या बाजूची खेडी मागे टाकली आणि भाताच्या मोकळ्या खाचरांमधून वर चढलो. समोर मुकणे धरणाचं पाणी, मागे सह्याद्रीचे सुळके. 'व्हॅलोने' हा फ्रेंच शब्द. अर्थ, चढउतारांचा प्रदेश. जागा बघितल्यावर डिक्शनरी उघडावी लागत नाही.

बाबा गाडीतून उतरले ते टेस्टिंग रूमकडे गेलेच नाहीत. तडक बागेत. फेब्रुवारीचा महिना, घड पिकत आलेले. त्यांनी एक घड तळहातावर तोलला आणि हसले. "हे काय? हरभऱ्याएवढे मणी! यायले जीएचं डिपिंग नाही केलं?"

आम्हाला फिरवणारा मुलगा चमकला. त्याला बहुतेक मुंबईचे कपल्स आणि त्यांचे फोटो यांची सवय असणार. "नाही काका. वाइनला मणी लहानच हवा."

मग त्याने समजावलं. खायच्या द्राक्षात आपल्याला मोठा मणी, पातळ साल आणि बी नको असते. वाइनवाल्याला याच्या उलट हवं. कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो. लाल वाइनच्या द्राक्षाचा गरही आतून पांढरटच असतो, रंग येतो तो रस सालीसकट आंबवल्यामुळे. लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त, म्हणून वाइन दाट. बाबांनी एक मणी तोंडात टाकला, बिया चावून पाहिल्या आणि म्हणाले, "साखर बावीसच्या वर असन." आमची द्राक्षं अठराला काढतात. वाइनसाठी बावीस ते चोवीस ब्रिक्सपर्यंत थांबतात, कारण तीच साखर यीस्ट खातं आणि तिचा अल्कोहोल होतो. मुलगा म्हणाला, "काका, तुम्ही आमच्याकडे नोकरीला या."

खरी मजा आली आत गेल्यावर. स्टीलच्या उंच टाक्या, थंडगार हवा, आंबूस गोड वास. पांढऱ्या वाइनचा रस पंधरा-सोळा डिग्रीला सावकाश आंबवतात, लालला जास्त ऊब लागते. पुढे ओकची पिंपं. एका पिंपात सव्वादोनशे लिटर, म्हणजे तीनशे बाटल्या. मुलगा सांगत होता, "ही स्टाइल बोर्डोची..."

"बोर्डो?" बाबा थबकले. "मोरचूद-चुन्याचं?"

द्राक्षबागायतदाराच्या घरातल्या पोराला विचारा, बोर्डो म्हणजे काय. निळसर फवारणी! डाऊनीवरचं हुकमी औषध. आमच्या विहिरीजवळचा ड्रम त्यानेच निळा झालाय. मला इतकी वर्षं वाटायचं की हे कुठल्या तरी कंपनीचं नाव आहे. पण ते मिश्रण खरंच फ्रान्समधल्या बोर्डोचं. तिथल्या रस्त्याकडेच्या वेलींवर चोरट्यांनी हात मारू नये म्हणून शेतकरी मोरचूद आणि चुना शिंपायचे. १८८० च्या दशकात मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की शिंपलेल्या वेलींवर डाऊनी येत नाही. आणि तेच औषध तिथून आमच्या देऊळगावराजात आलं. बाबा बराच वेळ पिंपांकडे बघत होते. "म्हणजे हे लोकं आपलेच म्हणायचे," ते म्हणाले.

नाक बाबांचं, घोट माझा

टेस्टिंग रूममध्ये पाच ग्लास मांडले. बाबांसमोर पाण्याचा तांब्या आला. मुलाने विचारलं, "काका, वास घ्यायला चालेल?" बाबांनी माळेला हात लावला, जरा विचार केला. "वासाले काय होते? अत्तराचा घेतोच ना."

तर मंडळी, टेस्टिंगची रीत अशी. ग्लास देठाला धरायचा, नाहीतर हाताच्या उबेने वाइन तापते. पांढऱ्या कागदासमोर रंग बघायचा. मग ग्लास गोल फिरवायचा, म्हणजे वास मोकळा होतो. नाक आत घालून बिनधास्त हुंगायचं. छोटा घोट, जिभेवर सगळीकडे फिरवायचा. आणि मग गिळायचा किंवा थुंकायचा. हो, थुंकायचा! त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं आणि यात काहीही गावठी नाही. मी गाडी चालवणार होते, म्हणून थुंकत होते.

बाबांना हे बघवेना. "एवढ्या महागाची वस्तू, तोंडात घ्याची आन् थुकाची?" मी म्हटलं, "परत जाताना स्टिअरिंग माझ्याच हातात आहे." ते गप्प झाले. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ बस पेटली आणि २५ जण गेले. बाबा ती जागा पाहून आले होते, आणि दोन दिवस जेवले नव्हते. "थुक," ते म्हणाले. "चांगली थुक."

पहिली सोव्हिनियाँ ब्लाँ. मी ग्लास फिरवला, हुंगला, आणि मासिकात वाचलेलं काहीतरी आठवायला लागले. बाबांनी ग्लास नाकाशी नेला. "पेरू. अर्धा पिकेल. आन् मांगून ढोबळी मिर्ची." मुलाने कपाळाला हात लावला. टेस्टिंगच्या पुस्तकात या वाइनचे हेच दोन वास दिलेले असतात! पुढे मालबेक, दाट जांभळी. बाबा म्हणाले, "जांभूळ. आन् कोऱ्या दाराच्या चौकटीचा वास." चौकट म्हणजे ओक.

शेवटची व्हिन द पासरियाज, जेवणानंतरची गोड वाइन. द्राक्षं सुकवून, आतली साखर घट्ट झाली की मग पिळतात.

"म्हणजे अर्धा बेदाणाच की!" बाबा टेबलावर थाप मारून म्हणाले.

मी तो मधासारखा थेंब जिभेवर ठेवला. आणि का कोण जाणे, खोटं बोलवेना. "बाबा, तुम्ही मघाशी विचारलं ना... पिते मी. कधीमधी."

बाबा पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, "मालूम हाये. तुह्या खिडकीत मनीप्लांट लावेल हाये, ते बाटली काय कोकम सरबताची होती?"

दोन वर्षं! दोन वर्षं हा माणूस माझ्या फ्लॅटवर येऊन त्या मनीप्लांटला पाणी घालत होता!

"सांगतलं नसतं त वाईट वाटलं असतं," ते म्हणाले. एवढंच. मग मुलाकडे वळून, "आता भावाचं बोला."

बाजार पडला तर?

बाबांचे प्रश्न सरळ होते. किलोला काय देता? करार कोण करतं? आणि बाजार पडला तर माल कोण घेतं?

उत्तरंही सरळ मिळाली. द्राक्षं तोडली की काही तासांत क्रशरमध्ये पडायला हवीत, म्हणून तोडणी पहाटे करतात. तीनशे किलोमीटरवरून ट्रकमध्ये आलेला माल वाटेतच आंबायला लागेल. आधी वायनरीशी लेखी करार, मगच लागवड. आणि नवी वेल नीट धरायला तीन वर्षं. सगळ्यात मोठी गोम म्हणजे ही द्राक्षं मंडईत कोणी खात नाही. जाड साल, आत बिया. वायनरीने पाठ फिरवली की सगळा माल अंगावर.

हे काही नुसतं भीतीचं बोलणं नाही. २००१ मध्ये राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि वाइनच्या द्राक्षांची लाट आली. नारायणगावची शामराव चौगुल्यांची इंडाज तेव्हा या धंद्यातली बडी असामी. २००८ च्या मंदीनंतर ती कर्जात बुडाली, मागणी आटली, आणि ज्यांनी हौसेने वेली लावल्या होत्या त्यांच्यातल्या अनेकांवर त्या उपटायची पाळी आली. छोट्या वायनरींनाही तग धरणं सोपं नाही. गंगापूर धरणाजवळची गुरनानी कुटुंबाची यॉर्क २०२१ मध्ये सुलाने घेतली. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन विकायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू का' यावर महाराष्ट्रभर भांडण जुंपलं. त्या भांडणात द्राक्षवाल्याचं नाव दोन्ही बाजूंनी घेतलं. बाबा तेव्हा कीर्तनात एका बाजूला होते आणि बागेत दुसऱ्या.

माझा कॅन्टीनमधला प्लॅन तिथेच संपला. मला वाटलं होतं, मी तोंड पाडून बसेन. पण बाबा खुशीत होते. त्यांना कोणीतरी 'बाग मोडा' किंवा 'बाग वाचवा' न म्हणता नुसता हिशेब सांगितला होता.

संध्याकाळी कपिलधारेला गेलो. कुंडाच्या पायरीवर बाबा पाय धुऊन बसले. मी विचारलं, "मग? सोयाबीन?"

"एक एकर मोडतो. दीड ठेवतो. एप्रिलची खरड छाटणी करून पाहू. आन् या टायमाले भाव पडला त माल मंडईत नाही नेत, शेडवर बेदाणा करतो." थोडं थांबून म्हणाले, "अर्धा नाही. पुरा सुकवीन."

निघताना मी पासरियाजची एक बाटली घेतली होती. मागच्या सीटवर ती वळणागणिक गडगडायला लागली. टोलनाक्याच्या आधी बाबांनी गाडी थांबवायला लावली, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि बाटली त्यात घट्ट गुंडाळून दोन बॅगांच्या मधे उभी केली.

"काच हाये," ते म्हणाले. "फुटन."

जायचंय?
कधी: जानेवारी ते मार्च, म्हणजे वेलींवर घड दिसतात आणि वायनरीत कामाची धांदल असते. उन्हाळ्यात छाटलेल्या काड्याच दिसतील.
कसं: मुंबई, नाशिक किंवा विदर्भ, कुठूनही समृद्धी महामार्ग सोयीचा. भरवीर किंवा इगतपुरीला उतरून घोटीमार्गे कावनई.
लक्षात ठेवा: छोट्या वायनरीत आधी फोन करून वेळ ठरवा. परफ्यूम लावून जाऊ नका, वास तुमचाच येईल. रिकाम्या पोटी चाखू नका. आणि गाडी चालवणाऱ्याने थुंकायचं. चांगलं थुंकायचं.