वसुली आणि वकिली

माझ्या टेबलावरच्या पाटीवर 'वसुली अधिकारी' असं लिहिलं आहे. गावात मात्र मला अजूनही 'पिग्मीवाली ताई' म्हणतात, कारण या पतसंस्थेत मी कामाला लागले ती दुकानादुकानांतून रोजची पिग्मी गोळा करायलाच. संस्था महिलांची, माणदेशातल्या एका बाजारगावातली. कृषी सेवा केंद्राच्या माडीवर दोन खोल्यांत तिचा कारभार चालतो. ठेवीदार म्हणजे भाजीवाल्या, शिलाईवाल्या, अंगणवाडीच्या मदतनीस. कर्ज घेणाऱ्याही त्याच.

कुणालाही वाटेल की या माडीवर जिना चढून येणारं माणूस एक तर पैसे मागायला येत असेल नाही तर भरायला. पण संध्याकाळी व्यवहार बंद झाल्यावर जी गर्दी होते ती कागदांची. पिशवीतून घडी घातलेला कागद निघतो आणि प्रश्न येतो, "ताई, ह्यात काय लिवलंय बघा की." राष्ट्रीयीकृत बँकेचं पत्र, तहसीलची नोटीस, मायक्रोफायनान्सचं कार्ड, विम्याची पावती. यातला एकही कागद आमच्या संस्थेचा नसतो. तो वाचून दिल्याबद्दल आम्हाला व्याजही मिळत नाही.

आमच्या भागातल्या बायकांना हिशेब शिकवावा लागत नाही, अडतं ते कागदावर. म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेची गोष्ट इकडे सगळ्यांना ठाऊक आहे. चेतना सिन्हांनी बायकांच्या बँकेसाठी अर्ज केला तेव्हा रिझर्व्ह बँकेनं तो फेटाळला, कारण प्रवर्तक सभासदांतल्या कित्येकींच्या सहीच्या जागी अंगठे होते. बायकांनी साक्षरतेचे वर्ग लावले, पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचं गणित घाला, तोंडी करून दाखवतो. 1997 साली बँक उभी राहिली. आमची संस्था त्या मानानं फारच लहान, पण घडण तीच. सभासद बाईला शेकडा दोन टक्के म्हणजे काय ते कळतं. टेबलापलीकडचा माणूस 'हे इथं होत नाही' म्हणाला की मात्र ती उठून घरी येते. तिच्यासोबत कुणी तरी त्या टेबलापर्यंत जायला हवं, एवढं साधं हे काम आहे. साधं असूनही ते आमच्या संस्थेला किती अवघड गेलं, ते एका घरामुळे मला कळलं.

खानापूर, आटपाडी, खटाव या पट्ट्यातली माणसं सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. सराफ गल्लीतल्या एका खोलीत भट्टी, वर झोपायची जागा, आणि दिवाळीला नाही तर गावच्या जत्रेला घरी. आमच्या एका सभासद वहिनींचा नवरा असाच तमिळनाडूत, सेलमला, गावातल्याच एकाच्या गलाई दुकानात कामाला होता. एका रात्री दुचाकीवरून जाताना ट्रकनं उडवलं. अंत्यविधी गावी झाला. मागं वहिनी, त्यांची सासू, शाळेत जाणारी दोन मुलं, दीड एकर कोरडवाहू जमीन आणि आमच्या कर्जावर घेतलेली एक म्हैस.

दिवस झाल्यावर मी त्यांच्याकडे गेले. कर्जाचा विषय काढायचा नाही असं ठरवून गेले होते, पण दारात चपला दिसल्या आणि समजलं की तो आधीच निघाला आहे. मायक्रोफायनान्स कंपनीचा वसुलीवाला पोरगा ओसरीवर बसला होता. वाईट वागत नव्हता, नुसता बसून होता. रात्रीचे साडेसात झाले होते. मी त्याला म्हटलं, "दादा, रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमात वसुलीची वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा आहे. आणि घरी यायचं ते कर्जदार ठरलेल्या जागी ओळीनं दोनदा आली नाही तर. ह्या तर एकदाच चुकल्या, आणि का चुकल्या ते तुम्ही जाणताच." तो उठला. जाता जाता म्हणाला, "मॅडम, आमच्यावर पण वरून असतंय." ते मला न सांगताही कळत होतं. मीही वसुलीच करते.

मग वहिनींनी पत्र्याची पेटी उघडली. नवऱ्याचं राष्ट्रीयीकृत बँकेचं पासबुक निघालं. ते वरवर बघितलं तर शिल्लक दीड हजारसुद्धा नव्हती. पण मे महिन्याच्या अखेरीला दोन नोंदी होत्या : 436 रुपये वजा, 20 रुपये वजा. घरात कुणालाही त्यांचा अर्थ माहीत नव्हता. सासूबाईंना वाटत होतं, बँक दरवर्षी कसलासा दंड कापते. 436 रुपये म्हणजे प्रधानमंत्री जीवनज्योती विमा, कोणत्याही कारणानं मृत्यू आला तरी दोन लाख. 20 रुपये म्हणजे सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला आणखी दोन लाख. दोन्ही योजना 2015 पासून चालू आहेत. कधी तरी खातं उघडताना त्यानं फॉर्मवर सह्या केल्या असतील आणि विसरून गेला असेल. पेटीतल्या त्या पासबुकात चार लाख रुपये होते, ते कुणी मागितले नव्हते एवढंच.

शाखेत वहिनी आधी एकट्या गेल्या. त्यांना सांगितलं, विम्याचं इथं काही नाही, कंपनीला विचारा. ते खरं नव्हतं. ज्या खात्यातून हप्ता गेला त्या खात्याच्या शाखेतच दावा द्यायचा असतो. दुसऱ्या वेळी मी सोबत गेले. संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज, त्याला पासबुकाच्या त्या पानाची झेरॉक्स, अध्यक्षांची सही, गोल शिक्का, आणि पोच मागायला दुसरी प्रत. आमच्या पतसंस्थेच्या शिक्क्याला त्या शाखेत कायद्यानं काडीची किंमत नाही. पण पोच मागणारं माणूस समोर उभं राहिलं की टेबलापलीकडची भाषा बदलते. दाव्याचा फॉर्म मराठीतही असतो, तो मिळाला.

पुढं कागदांचा डोंगर. अपघाताचा एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सगळं तमिळमध्ये. शाखा म्हणे, आम्हाला वाचता येत नाही. इथं गलाईवाल्यांची माणुसकी कामी आली. दुकानाच्या मालकानं सेलमलाच इंग्रजी भाषांतर करून नोटरीकडून शिक्के मारून पाठवलं. मी इकडे तलाठ्याकडे वारसनोंद लावली. त्या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गाव तलाठीच म्हणतं. सातबारावर वहिनी, दोन मुलं आणि सासू अशी नावं चढली. दिरानं सुचवलं होतं की बाईचं नाव कशाला, पोरांची लावा. आईचा आणि बायकोचा हक्क मुलांइतकाच आहे हे मी चारचौघांत सांगितलं. दीर गप्प राहिला, पण पुढं बरेच महिने माझ्याशी बोलला नाही. दरम्यान सेतू केंद्रातून उत्पन्नाचा दाखला काढला आणि संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरला. वर्षाला 21 हजारांच्या आतलं उत्पन्न दाखवावं लागतं आणि महिन्याला दीड हजार मिळतात.

मायक्रोफायनान्सची कर्जं दोन होती. कार्ड नीट वाचलं तर एका कंपनीनं कर्ज देतानाच नवरा-बायको दोघांच्या नावे विम्याचा हप्ता कापून घेतला होता. म्हणजे नवरा गेल्यावर ते कर्ज विम्यातून फिटायला हवं होतं, आणि त्याच कर्जाच्या हप्त्यासाठी तो पोरगा ओसरीवर बसला होता. तक्रार लेखी दिली, ते खातं बंद झालं. दुसऱ्या कंपनीचा विमा फक्त वहिनींच्या नावे होता. तिथं हप्ता लहान करून मिळाला, माफी नाही.

इथवरची गोष्ट मी अभिमानानं सांगू शकते. खरी पंचाईत पुढं झाली.

दोन्ही विम्यांवर नॉमिनी म्हणून आईचं नाव होतं. खातं लग्नाआधीचं, नंतर कुणी बदललं नव्हतं. चार लाख सासूबाईंच्या खात्यात आले. आमची सभासद सून, कागद पळवले सुनेसाठी, आणि पैसे सासूच्या हातात. आम्ही 'कुटुंबाची बाजू' घेतली होती खरी, पण त्या घरात आता दोन बाजू होत्या. वहिनींनी मला बोलावलं, समजावून सांगा म्हणाल्या. सासूबाई माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाल्या, "पोरांच्या नावावर निम्मं टाकते. उरल्यालं माझ्याजवळ राहू दे. उद्या ही माह्यारला गेली तर मला कोण घालंल?" वहिनींना ते लागलं. मला मात्र त्यात खोट काढता येईना. साठी ओलांडलेल्या, लेक गमावलेल्या बाईनं दुसरं काय करावं? दोन लाखांची मुदत ठेव नातवंडांच्या नावे झाली, तीही आमच्याकडे नव्हे, बँकेत. मीच तसं सुचवलं. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. संस्थेच्या माणसानं हे सांगायचं नसतं, हेही मला माहीत होतं.

ही गोष्ट संचालक मंडळाच्या सभेत निघाली आणि तिच्या मागोमाग खरा प्रश्न. म्हशीच्या कर्जाचे हप्ते थकले होते. नवरा त्या कर्जाला जामीनदार होता. आमच्या खजिनदारबाईंनी सरळ विचारलं, "चार लाख मिळवून दिले आपण. त्यातनं आपलं कर्ज का नाही भरून घेतलं?" कुणी नाकं मुरडली, पण त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. वसुलीसाठी सहकार कायद्याच्या कलम 101 खाली दाखला घेणं, जप्ती आणणं हे मार्ग संस्थेला खुले असतात. थकबाकी वाढली तर बुडणार कुणाचं? रोज पन्नास रुपये पिग्मी भरणाऱ्या भाजीवालीचं. तिच्या ठेवीला तर विमाही नाही. एका घरावर दया करायची आणि दुसऱ्या घराची ठेव धोक्यात घालायची, याला न्याय म्हणायचं का?

मी म्हटलं, मी त्या शाखेत उभी होते ती वहिनींसाठी. आपलं कर्ज वसूल व्हावं म्हणून उभी होते असं निघालं, तर पुढच्या घरातली पेटी माझ्यासमोर उघडणार नाही. ज्याला आपण देणं लागतो त्याला कोण पासबुक दाखवतं? त्या ओसरीवरच्या पोरात आणि माझ्यात मग फरक काय राहिला?

वाद बराच चालला. शेवटी अध्यक्षा अक्कांनी ठराव लिहायला सांगितला. संस्थेच्या मदतीनं कुणाला विमा, अनुदान किंवा भरपाई मिळाली तर तिनं स्वतः लेखी मागणी केल्याशिवाय त्यातून संस्थेचं येणं वळतं करायचं नाही. कर्ज माफ करायचं नाही, पण मुदत वाढवून हप्ता झेपेल असा करायचा. आणि दावा लावून देणाऱ्या कर्मचाऱ्याकडे त्या घराची वसुली ठेवायची नाही. हे तिसरं कलम खजिनदारबाईंनी घालायला लावलं. मला आधी ते अविश्वासाचं वाटलं, पण आज ठरावातलं सगळ्यात शहाणं वाक्य मी तेच मानते.

वहिनींचा हप्ता आता माझी सहकारी घेते. म्हैस दुसऱ्यांदा व्याली, दूध डेअरीला जातं, हप्ता कधी वेळेवर येतो, कधी पंधरा दिवस पुढं जातो. आता दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सभासदांना घरातली सगळी पासबुकं घेऊन बोलावतो. 436 आणि 20 गेले का, खात्यात शिल्लक नसल्यानं विमा बंद तर पडला नाही ना, नॉमिनी कोण, लग्नानंतर बदलला का, हे तपासतो. सगळ्यात जास्त दुरुस्त्या नॉमिनीच्याच निघतात.

खजिनदारबाईंचं समाधान अजून झालेलं नाही. थकबाकीचा तक्ता वाचताना त्या प्रत्येक सभेत ठरावाचा विषय काढतात, किती घरांना मुदतवाढ दिली ते विचारतात, आणि मला एकेका घराचं उत्तर द्यावं लागतं. ते मला आवडत नाही. पण त्यांनी विचारणं थांबवावं असंही मला वाटत नाही. संस्थेनं सभासदाच्या बाजूनं बोलायचं, तर ठेवीदाराच्या बाजूनं बोलणारं कुणी तरी त्याच टेबलावर बसलेलं असलंच पाहिजे.