पाठीला भिंत

घराचा ताबा दिल्यावर साधारण वर्षभराने मी तिथे चहाला जातो. निमित्त गळतीबिळती बघण्याचं असतं. खरं बघायचं असतं ते वेगळंच: चष्मा कुठे काढून ठेवलाय, पेपर कुठे पडलाय, कुठल्या खुर्चीची उशी चेपलीय. माणसं घरात नेमकी कुठे बसतात, हे विचारून कळत नाही. विचारलं की ती हॉलकडे बोट दाखवतात.

ही सवय एका फजितीने लागली. साताऱ्यात एका निवृत्त जोडप्याचं घर केलं होतं. वीस बाय सोळाचा हॉल, अकरा फूट उंची, समोर जमिनीपासून छतापर्यंत काच आणि काचेत अख्खा अजिंक्यतारा. फोटो झकास आले. वर्षाने गेलो तर काचेवर जाड पडदे, आणि दोघंही जिन्याखालच्या कोपऱ्यात. प्लॅनमध्ये तिथे मी चपलांचं कपाट दाखवलं होतं. त्यांनी दिवाण टाकला होता. पाठीशी भिंत, डोक्यावर जिन्याचा उतार, कुशीला वीतभर रुंद खिडकी, आणि पलीकडे कुकरच्या शिट्ट्या. "हॉल छानच आहे हो," काकू म्हणाल्या, "पण तिथं बसलं की कुणाची तरी वाट बघत बसल्यासारखं वाटतं."

पुढे जे ॲपल्टन या इंग्रज भूगोलतज्ज्ञाचं 1975 चं पुस्तक हाती आलं. त्याचं म्हणणं असं, की जिथून आपल्याला दूरवर दिसतं पण आपण सहजी दिसत नाही, अशी जागा माणसाला आवडते. वाचता वाचता मला आजोळची पडवी आठवली. कोकणातलं घर, कौलं इतकी खाली उतरलेली की पडवीत शिरताना वाकावं लागे. बाहेर सारवलेलं अंगण उन्हात लखलखायचं, आत सावली. बेड्यातून, म्हणजे अंगणाच्या फाटकातून, कोणी आला की त्याचे डोळे सावलीला सरावेपर्यंत आजीने त्याची चाल ओळखून आत चहाची हाक दिलेली असे. मानसशास्त्र वगैरे शब्द तिच्या गावीही नव्हते. पण दुपारी भाजी निवडायला ती कधी अंगणात बसली नाही आणि काळोख्या माजघरातही नाही.

उजेडाचंही तसंच. एकाच बाजूला खिडकी असली की तिच्याकडे पाठ करून बसलेल्याचा चेहरा काळवंडतो, बोलताना त्याच्या मनातलं वाचता येत नाही. वास्तुकार ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1977 मध्ये हे लिहून ठेवलं: खोलीला दोन बाजूंनी उजेड द्या. सहा फुटांपेक्षा कमी खोलीच्या बाल्कनीत माणसं फारशी बसत नाहीत, हेही त्यांचंच. आपल्या फ्लॅटच्या चारफुटी बाल्कन्या बघा. वॉशिंग मशीन, दोऱ्या, आणि मरायला टेकलेली तुळस.

मुंबईत कंबाला हिलवर वास्तुकार चार्ल्स कोरियांची कांचनजंगा ही इमारत उभी आहे, 1983 ची. तिथला पेच मोठा मजेदार. समुद्राचा वारा आणि देखावा पश्चिमेला. भाजणारं ऊन आणि झोडपणारा पाऊसही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर भोवताली व्हरांडा काढून तोड काढली होती. कोरियांनी तोच व्हरांडा उचलून आकाशात नेला, इमारतीच्या कोपऱ्यांत दोन-दोन मजले उंच गच्च्या कोरून. श्रीमंतांची घरं, हे खरं. पण आत आणि बाहेर यांच्यामध्ये एक दमाची जागा असावी, या हिशेबाला फार पैसे लागत नाहीत.

मी आता प्रत्येक घरात निदान एका खिडकीचा कट्टा दीड फुटावर घेतो, दोन फूट खोल, वर कडाप्पा. दोन्ही बाजूंच्या भिंती टेकायला. मालक हमखास विचारतात, "एवढी जागा वाया?" मी उत्तर देत नाही, आकडा तेवढा पक्का धरून ठेवतो. माझ्या मनाविरुद्ध एक-दोघांनी तिथे टीव्ही ठेवला, तेही सांगायला हवं.

गेल्या आठवड्यात एका साईटवर कट्ट्याचं माप तपासायला भर दुपारी गेलो. गिलावा व्हायचा होता. सगळी मोकळी खोली सोडून गवंडी त्या कट्ट्यावर पाठ टेकून बसला होता, मांडीवर डबा, नजर बाहेरच्या रस्त्यावर. मला बघून उठू लागला. मी टेप खिशात टाकला आणि त्याला बसून राहायला सांगितलं.