मोटेराला किती माणसं होती?

२०२५ च्या संक्रांतीनंतर बडोद्यात ज्या ज्या घरी हळदीकुंकवाला गेले, तिथे तिळगुळाबरोबर एक प्रश्न हमखास हातावर पडायचा. "तू गेली होतीस ना मोटेराला? किती माणसं होती गं?" मी उत्तर द्यायच्या आतच दुसरं कुणीतरी द्यायचं. दांडिया बाजारात सव्वा लाख, अलकापुरीत दोन लाख, आणि एका काकूंच्या मोबाइलवर तर तीन लाख आले होते. आकडा रथसप्तमीपर्यंत वाढतच राहिला.

गोष्ट कोल्डप्लेच्या कार्यक्रमाची. त्या वर्षी १८, १९ आणि २१ जानेवारीला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये आणि मग २५ व २६ जानेवारीला अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियममध्ये हे लोक वाजवून गेले. मुंबईची तिकिटं ज्यांना मिळाली नाहीत ते सगळे अहमदाबादकडे वळले. रेल्वेने मुंबईहून खास गाड्या सोडल्या. आम्ही मात्र २६ तारखेला दुपारी बडोद्याहून नेहमीच्याच गाडीने निघालो. मी, माझी भाची आणि तिच्या दोन मैत्रिणी. भाचीला गाणी पाठ, मला आकड्यांची खोड. त्यामुळे दोघींचाही वेळ चांगला गेला.

अहमदाबादला कालुपूरला उतरलं की मेट्रो समोरच आहे. ती पूर्व-पश्चिम मार्गाची. ओल्ड हायकोर्टला गाडी बदलायची आणि उत्तरेकडे जाणारी धरायची. साबरमती मागे पडते, डब्यातली गर्दी उतरायच्या ऐवजी चढतच राहते आणि मोटेरा स्टेडियम नावाच्या स्टेशनावर सगळा डबा एकदम रिकामा होतो. बाहेर आलं की स्टेडियम दिसतं, पण पहिल्या नजरेला त्याचा आकार कळत नाही. ते गोल आहे, उंचीला फार वाटत नाही, आणि प्रकाशाचे उंच मनोरेही नाहीत. दिवे छपराच्या कडेलाच ओवलेले आहेत. खरा आकार चालताना कळतो. आमचा दरवाजा पलीकडच्या बाजूला निघाला. ६३ एकरांचा परिसर म्हणजे काय, हे पायांना समजलं.

हे मैदान १९८३ पासूनचं. जुनं पाडून नवं बांधलं आणि २४ फेब्रुवारी २०२० ला त्याचा पहिला मोठा कार्यक्रम झाला, 'नमस्ते ट्रम्प'. त्याआधी पाहुण्यांनी अमेरिकेत सांगितलं होतं की स्वागताला ७० लाख लोक येणार आहेत. मग तो आकडा एक कोटीवर गेला. अहमदाबादच्या महापालिका आयुक्तांनी रस्त्यावर लाखभर लोक येतील असं म्हटलं होतं. शहराची सगळी लोकसंख्याच ७०-८० लाख. म्हणजे या स्टेडियमच्या बारशालाच गर्दीच्या आकड्याने केवढी उडी मारली होती पाहा.

स्टेडियमची क्षमता १ लाख ३२ हजार. हा आकडा इतका प्रसिद्ध आहे की इथे काहीही भरलं की लोक तोच सांगतात. पण क्षमता म्हणजे खुर्च्या, माणसं नव्हेत. २९ मे २०२२ ला इथे आयपीएलचा अंतिम सामना झाला, तेव्हा गिनीज बुकाने नोंदवलेले प्रेक्षक १,०१,५६६. टी-ट्वेंटी सामन्याचा तो जागतिक विक्रम ठरला, आणि तरीही ३० हजार खुर्च्यांचा फरक राहिलाच. २०२३ चा विश्वचषक अंतिम सामना आठवतोय? सगळा देश निळा झाला होता. त्या दिवशीचा अधिकृत आकडा ९२,४५३. टीव्हीवर पाहणाऱ्या कुणालाही पटणार नाही.

कार्यक्रमाला गणित आणखी बदलतं. सामन्यात मधला भाग खेळाडूंचा, माणसं भोवती. गाण्याच्या कार्यक्रमात माणसं मैदानात उतरतात, पण व्यासपीठ एका टोकाला उभं राहिल्यामुळे त्याच्या मागच्या खुर्च्या फुकट जातात. आम्ही वरच्या मजल्यावर बाजूला होतो, त्यामुळे हे फार छान दिसलं. अंधार झाला, मनगटावरचे पट्टे पेटले आणि माणसांचा नकाशाच समोर आला. दारातच प्रत्येकाला एक पट्टा देतात. तो गाण्याच्या तालावर रंग बदलतो आणि जाताना परत करायचा असतो. कुठल्या शहराने किती टक्के परत केले याची यादीही पडद्यावर दाखवतात, म्हणजे लोकांना जरा चुरस वाटते. पण मला त्यात दुसरंच दिसलं. एक ठिपका म्हणजे एक माणूस. जिथे ठिपके नाहीत, तिथे माणूस नाही. व्यासपीठामागे काळा पट्टा होता. कलिंगडाची मोठी फोड कापून घ्यावी तसा.

मग मध्येच, गाणी चालू असताना, मी भाचीच्या कानात ओरडून हिशोब सुरू केला. तिने आधी डोळे फिरवले, मग तीही सामील झाली. समजा, पाव भाग खुर्च्या व्यासपीठामुळे बाद. १ लाख ३२ हजारांतून ३३ हजार गेले, उरले ९९ हजार. आता मैदान. व्यास दीडशे मीटर धरला तर क्षेत्रफळ साडेसतरा हजार चौरस मीटरच्या आसपास येतं. त्यातून व्यासपीठ, गर्दीत घुसलेली लांब पट्टी, ध्वनीचे मनोरे, कठड्यांमधल्या मोकळ्या वाटा आणि कडेचा रिकामा गोल काढा. दहा हजार चौरस मीटर उरले म्हणू. पुढे दाटी, मागे लोक मोकळे नाचतायत. सरासरी मीटरला सव्वा माणूस. म्हणजे साडेबारा हजार. एकूण एक लाख अकरा-बारा हजार.

पहिल्या रात्रीनंतर काही बातम्यांत १ लाख ३४ हजारांचा आकडा आला होता. त्यासाठी तो काळा पट्टाही भरावा लागला असता. पुढे तिकिटांचा जाहीर झालेला आकडा दोन रात्री मिळून २ लाख २३ हजारांच्या थोडा वर होता, म्हणजे रात्रीला एक लाख अकरा-बारा हजार. आमचा पाव भागाचा अंदाज आणि सव्वा माणसाचा अंदाज, दोन्ही ढोबळच होते. पण ढोबळ गोष्टी प्रामाणिकपणे गुणल्या की उत्तर फार लांब जात नाही, हे भाचीला आवडलं. बरं, हा आकडा छोटा आहे असंही समजू नका. अमेरिकेत जून २०२४ मध्ये टेक्ससच्या काइल फील्डवर जॉर्ज स्ट्रेट या गायकाला ऐकायला १,१०,९०५ लोक आले, तेव्हा तिथे तिकीट लावलेल्या कार्यक्रमाचा राष्ट्रीय विक्रम झाला. मोटेराने तो सहज गाठला.

हा चौकटी मोजण्याचा प्रकार माझ्या डोक्यातला नाही. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात हर्बर्ट जेकब्स नावाचे पत्रकारितेचे शिक्षक होते. १९६० च्या दशकात त्यांच्या खिडकीखालच्या चौकात विद्यार्थ्यांच्या सभा व्हायच्या. चौकाच्या फरशीत आयत्याच चौकटी होत्या. त्यांनी काही चौकटींतली डोकी मोजली, सरासरी काढली, चौकटींनी गुणलं. त्यातून त्यांचा ठोकताळा तयार झाला: मोकळ्या गर्दीत माणशी दहा चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार, आणि खांद्याला खांदा घासणाऱ्या गर्दीत अडीच. आजही ड्रोनच्या फोटोवर संगणक बसवून जे करतात, त्याचा गाभा हाच आहे.

आपण बडोदेकर हे गरब्यात दरवर्षी पाहतो, फक्त मोजत नाही. नवलखी मैदानावर गोलात गोल फिरत असतात. बाहेरून वाटतं, मुंगीला शिरायला जागा नाही. पण फिरणाऱ्या, टाळी देणाऱ्या, घागरा सांभाळणाऱ्या माणसाला उभ्या माणसाच्या तिप्पट-चौपट जागा लागते. म्हणून भरलेलं गरब्याचं मैदान आणि भरलेलं सभेचं मैदान यांच्या आकड्यांत तेवढाच फरक पडतो. फोटोत दोन्ही सारखेच दिसतात, विशेषतः फोटो खालून, माणसाच्या उंचीवरून काढला असेल तर. पुढची दहा डोकी मागची शंभर रिकामी पावलं झाकतात.

या हिशोबाने जुने विक्रम तपासायला मजा येते. ब्राझीलमध्ये रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये २१ एप्रिल १९९० ला पॉल मॅकार्टनीला ऐकायला १ लाख ८४ हजार लोक आले होते. हे पटतं, कारण तेव्हा ते स्टेडियम उभ्या प्रेक्षकांसाठीही होतं आणि तिकिटं होती. त्याच शहरात कोपाकबानाच्या किनाऱ्यावर ३१ डिसेंबर १९९४ ला रॉड स्ट्युअर्टचा फुकट कार्यक्रम झाला, त्याचा आकडा ३५ लाख सांगतात. किनारा साधारण चार किलोमीटर. रस्ता धरून रुंदी दीडशे मीटर घेऊ. सहा लाख चौरस मीटर झाले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दर मीटरला सहा माणसं उभी असली पाहिजेत. वाळूत! आणि त्यातली कितीतरी नवीन वर्षाची आतषबाजी बघायला आलेली.

दर मीटरला सहा माणसं म्हणजे काय, ते मात्र मजेने घ्यायचं नाही. चारपर्यंत माणूस स्वतःच्या पायावर असतो. पाच-सहाच्या पुढे तो गर्दीच्या लाटेवर असतो, हात वर काढता येत नाहीत आणि छाती फुगवायला जागा उरत नाही. ५ नोव्हेंबर २०२१ ला ह्यूस्टनमध्ये ट्रॅव्हिस स्कॉटच्या ॲस्ट्रोवर्ल्ड कार्यक्रमात दहा जणांचा जीव गेला, सर्वांत लहान मुलगा नऊ वर्षांचा. एकूण गर्दी ५० हजारांच्या आसपास, मैदान प्रचंड. एकूण आकडा भागून सरासरी काढली असती तर सगळं ठीक दिसलं असतं. जीव गेले ते व्यासपीठाजवळच्या काही कोंडलेल्या भागात. सिनसिनाटीला ३ डिसेंबर १९७९ रोजी 'द हू'च्या कार्यक्रमात ११ जण गेले, ते तर आत पोचलेच नव्हते. दाराबाहेर, जागा पकडायच्या घाईत. आणि आपल्याकडे ४ जून २०२५ ला बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर, आयपीएल जिंकल्याच्या आनंदात, अकरा जण. स्टेडियम ३५ हजारांचं, आणि दोन-तीन लाख लोक आल्याचं सरकारनेच सांगितलं. तिकिटाचा हिशोब दाराच्या आतल्यांचा असतो. बाहेरच्यांना कुणी मोजलेलं नसतं.

म्हणून भाचीला मी मोटेराला सांगितलं, एकूण किती ते उद्या पेपरात येईल. तू तुझ्याभोवतीचा एक मीटर बघ. दोन्ही हात कमरेवर ठेवून कोपर बाहेर काढता येतात का? येत असतील तर नाच. येत नसतील तर आत्ताच, गाणं संपायची वाट न पाहता, तिरकं कडेला सरकायचं. गर्दीच्या विरुद्ध ढकलायचं नाही. आम्ही खुर्च्यांत होतो, त्यामुळे तिने हे सगळं हसण्यावारी नेलं. पण तिची मैत्रीण गेल्या वर्षी एका गर्दीत अडकलेली. ती गप्प राहून ऐकत होती.

कार्यक्रमाबद्दल एवढंच सांगते की क्रिस मार्टिन प्रजासत्ताकदिनी 'माँ तुझे सलाम' गायला आणि पडद्यावर जसप्रीत बुमराह दिसला. तेव्हा जो आवाज झाला, तो कुठल्या मोजपट्टीत बसवायचा ते मला ठाऊक नाही.

बाहेर पडताना खरी परीक्षा असते. ब्रिटनमध्ये स्टेडियमच्या सुरक्षेसाठी 'ग्रीन गाइड' म्हणून पुस्तक आहे. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाच्या जिन्यावर १९७१ मध्ये ६६ माणसं गेली, त्यानंतर १९७३ मध्ये ते आलं. त्यात सपाट वाटेच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसं धरतात, जिन्यावरून ६६. म्हणजे मोटेराची एक लाख अकरा हजार माणसं आठ मिनिटांत बाहेर काढायची तर सपाट वाटा धरूनही जवळजवळ १७० मीटर रुंदीची दारं हवीत, आणि सगळी उघडी हवीत. कुलूप लावलेलं एक दार या हिशोबातून किती माणसं कमी करतं, ते तुम्हीच गुणा.

मेट्रोची रांग पाहून आम्ही चालत निघालो. तीन डब्यांच्या गाडीत आठशे माणसं बसवली आणि दर आठ मिनिटांनी गाडी सोडली, तरी तासाला सहाच हजार जातात. बाकीचे विसत, चांदखेडा, साबरमतीच्या रस्त्यांवर पसरले होते. वाटेत चहावाल्याकडे थांबलो, तेव्हा भाचीने दिव्याचा एक खांब धरला आणि मोबाइलवर घड्याळ लावून त्याच्यापुढून जाणारी माणसं मोजली. मिनिटाला १९० भरली. पुन्हा मोजली, १८५. मग तिने भागाकार केला आणि जाहीर केलं, "मावशी, सगळे याच रस्त्याने आले असते ना, तर शेवटचा माणूस इथून उद्या सकाळी आठनंतर गेला असता." चहावाला म्हणाला, तसं झालं असतं तर बरं झालं असतं.