उद्यमनगरचे काका आणि माझी थ्री-थर्टी-फाइव्ह

काकांनी माझ्याकडून पूर्ण मजुरी कधी घेतली नाही. आग्रह केला की म्हणायचे, "आरं ठेव, पुढच्या पार्टाला लागतील." त्यामुळे त्यांचा हिशेब माझ्याकडे कायमचा उघडा राहिला आहे, आणि पैशाचा भाग त्यात सगळ्यात लहान आहे.

फ्रीमाँटमध्ये त्यांचं दोन लिफ्टचं गॅरेज होतं. मूळचे कोल्हापूरचे. उद्यमनगरात लेथवर हात बसला, सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात आले, आधी लॉस एंजेलिसला आणि मग इकडे बे एरियात. नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून नुसतं काका. हाताखालची मेक्सिकन पोरंसुद्धा त्यांना काकाच म्हणायची.

माझ्याकडे २००८ची बीएमडब्ल्यू ३३५आय सेडान होती, सेकंडहँड, मॅन्युअल गिअरची. गाड्यांच्या नादी लागलेल्यांना तिचं एन५४ इंजिन समजावून सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो: २९७९ सीसी, एका रांगेत सहा सिलिंडर, दोन छोटे टर्बो, डायरेक्ट इंजेक्शन. अमेरिकेत कंपनीने कागदावर ३०० हॉर्सपॉवर लिहिली. २००७ आणि २००८ अशी सलग दोन वर्षं 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर'चा मान या इंजिनाला मिळाला. कंपनीने बूस्ट बेताचाच ठेवलेला, त्यामुळे नुसतं सॉफ्टवेअर बदललं तरी गाडी उधळते. त्यात डाउनपाइपमधले कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकले, की आकडा चारशेच्या आसपास जातो, हे माझ्या वयाच्या प्रत्येक पोराला पाठ होतं.

तीच यादी घेऊन मी काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, यादीतल्या पहिल्या दोन ओळींवर पेन्सिलने काट मारली आणि कागद परत दिला. "हे काम या शेडमध्ये होत नाही." माझ्या ओळखीत हे काम करून देणारे चार जण होते. तरी मी तिथेच थांबलो, कारण काट मारून झाल्यावर त्यांनी चहा मागवला.

कायदा तर होताच. कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेचं २७१५६ कलम म्हणतं, की प्रदूषण नियंत्रणाच्या यंत्रणेत ढवळाढवळ करणारा कुठलाही पार्ट रस्त्यावरच्या गाडीला चालणार नाही. त्यातून सुटका हवी असेल, तर पार्ट बनवणाऱ्याने एअर रिसोर्सेस बोर्डाकडे, म्हणजे सगळे ज्याला 'कार्ब' म्हणतात तिथे, चाचण्या देऊन एक्झिक्युटिव्ह ऑर्डरचा नंबर मिळवायचा. माउंटन व्ह्यूत सुरू झालेल्या डायननसारख्या कंपन्यांनी आपल्या बऱ्याच पार्टांसाठी हे नंबर घेतले. बहुतेक ट्यूनर त्या भानगडीत पडत नाहीत.

पण काकांचा हट्ट कायद्यातून आलेला नव्हता. ते लॉस एंजेलिसला उतरले तेव्हा उन्हाळ्यात डोळे चुरचुरायचे, समोरचे सॅन गॅब्रिएलचे डोंगर दिसायचे नाहीत, आणि धुरकं वाढलं की शाळा पोरांना मैदानावर सोडायच्या नाहीत. कॅलटेकच्या आरी हागेन-स्मिट यांची गोष्ट ते रंगवून सांगत. हे डच रसायनशास्त्रज्ञ अननसाच्या वासावर संशोधन करायचे. ते बाजूला ठेवून शहराच्या धुरक्याकडे वळले आणि १९५०च्या सुमारास त्यांनी दाखवून दिलं, की गाड्यांच्या धुरातले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड उन्हात एकत्र आले की ओझोन तयार होतो. पुढे कार्ब स्थापन झालं, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष तेच झाले. "अननसवाल्यानं सांगितलंय, कॅट काढायचा नाही," हे काकांचं शेवटचं वाक्य असायचं. त्यावर वाद घालण्यात अर्थ नसे.

मग त्यांनी मला गाडी वाचायला शिकवली. ऐन ऑगस्टमध्ये आम्ही सुनोलच्या चढावर गेलो. वेगमर्यादा ओलांडायची नाही, हा त्यांचा नियम. काका शेजारच्या सीटवर, मांडीवर लॅपटॉप, ओबीडीच्या पोर्टातून आलेली वायर गिअरच्या दांड्याला गुंडाळलेली. बाहेर ३५ अंश. दोन-चारदा दाबून चढ चढल्यावर इंजिनात जाणारी हवा सत्तरच्या पुढे गेली आणि इग्निशन टायमिंगचा आकडा घसरायला लागला. काकांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "तुझे घोडे कुठं हाईत, बघ. तापून बसलेत." टर्बोने दाबलेली हवा तापते, तापलेली हवा विरळ होते, आणि आमच्याकडे पंपावर मिळतं ते ९१ ऑक्टेनचं पेट्रोल. नॉकची, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटण्याची, चाहूल लागली की कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकतो, आणि तिथेच पॉवर जाते. म्हणजे नवे घोडे विकत आणण्याआधी आपलेच सोडवून आणायचे होते.

कंपनीनेच टर्बो दिलेल्या गाडीला दुसरा इंटरकूलर, म्हणजे ही दाबलेली हवा थंड करणारा भाग, बसवायला इथे त्या नंबराची गरज नसते. कॅटच्या मागचा एक्झॉस्टही बदलता येतो, आवाज ९५ डेसिबलच्या आत हवा. आम्ही मोठा इंटरकूलर बसवला. मग इनटेक मॅनिफोल्ड उतरवून व्हॉल्व्ह पाहिले. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं, व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत, आणि क्रँककेसमधल्या तेलाच्या वाफेचा काळा थर त्यांच्यावर भाजून बसतो. अक्रोडाच्या टरफलाचा भुगा हवेच्या झोतात मारून तो काढायचा. एकेका सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत काका क्रँक हाताने फिरवत, मी व्हॅक्यूमची नळी धरून उभा. पहिला व्हॉल्व्ह चकाकला तेव्हा त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिला आणि स्वतः मागे सरकले.

डायनोवर, म्हणजे पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर, गाडी नेऊया म्हटलं तर हसले. डायनोचा कागद पत्रिकेसारखा असतो म्हणे, जुळवणारा हवा तसा जुळवून देतो. मी तरीही नेली. चारशे काही झाले नाहीत. मात्र सुनोलचा चढ पुन्हा चढलो तेव्हा टायमिंगचा आकडा शेवटपर्यंत टिकला, आणि मला तेवढं पुरलं.

पुढे नियम आणखी आवळले. जुलै २०२१ पासून इथली स्मॉग तपासणी गाडीचं सॉफ्टवेअर मूळचं आहे की बदललेलं, हेही पाहते. त्या वर्षी ओळखीतले काही जण रात्ररात्र बसून कंपनीचं सॉफ्टवेअर परत चढवत होते. माझी गाडी काही मिनिटांत पास होऊन बाहेर आली. काका आता मुलीकडे सॅक्रामेंटोला असतात, गॅरेज विकलं. दर दोन वर्षांनी तपासणीच्या महिन्यात त्यांचा फोन येतो, "झाली का पास?" पोराच्या परीक्षेपेक्षा त्यांना याची जास्त काळजी.

इथे राहून जुनी टर्बो गाडी हौसेने बाळगणाऱ्यांना एवढंच सांगतो. पार्ट मागवण्याआधी त्याचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नंबर मागा आणि तो तुमच्या मॉडेलला, तुमच्या सालाला लागू आहे का, ते कार्बच्या यादीत स्वतः पाहा. 'फक्त ऑफ-रोडसाठी' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असेल तर ते खरं समजा. आणि खिशात पैसे थोडेच असतील, तर आधी इंटरकूलर घ्या.