बंबाची तोटी

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी आत्याचा फोन आला. "तुमच्या त्या लेथवर बंबाची तोटी होते का रे?"

आत्या इंद्रकुंडाजवळ राहते. तिच्याकडे तिच्या सासूबाईंचा तांब्याचा बंब आहे. वर्षभर माळ्यावर असतो आणि नरकचतुर्दशीला खाली उतरतो. गीझर असताना बंब कशाला, असं तिला विचारायची सोय नाही. तर त्या बंबाची पितळी तोटी गळत होती. नदीपलीकडे भांडी बाजारात तिने नवी तोटी पाहिली, पण ती बसेना. म्हणून माझी आठवण झाली.

मी ताबडतोब हो म्हणालो. एखाद्या छंदिष्टाला 'तुझं यंत्र काही कामाचं आहे का' असं कुणी विचारलं, तर तो नाही कसा म्हणेल? गेल्या तीन वर्षांत मी लेथवर काय काय केलं, तर एक पेपरवेट, दोन भोवरे, कपाटाच्या मुठी आणि बराचसा कीस.

नव्या वाचकांसाठी थोडं मागचं सांगतो. पंचवटीत घाटाकडे उतरणाऱ्या एका बोळात आमचं जुनं घर आहे. तळमजल्याच्या पुढच्या खोलीत एक साडेचार फुटी लेथ आहे. आपल्याकडे लेथ असाच फुटांत मागतात, आणि हे फूट बेडच्या लांबीचे. तो माझा नाही, अण्णांचा. अण्णा सातपूरला एका कारखान्यात टर्नर होते. 1994 साली बंद पडलेल्या एका वर्कशॉपमधून त्यांनी तो उचलला आणि ड्यूटी संपली की संध्याकाळी घरी कामं घ्यायला लागले. दिंडोरी-पिंपळगावकडचे द्राक्षबागाईतदार फवारणीच्या पंपाचे बुश आणि पिना घेऊन यायचे. रसवंतीवाले उन्हाळ्याच्या तोंडावर यायचे. मी अभ्यास करायचो त्या टेबलाखाली लेथची घरघर कायम असायची. आजही एकदम शांत खोलीत मला वाचता येत नाही.

मला मात्र अण्णांनी लेथला हात लावू दिला नाही. "तू हात काळे करायचे नाहीत," एवढंच म्हणायचे. मी केले नाहीत. इंजिनिअर झालो, तोही कॉम्प्युटरचा, आणि वीस वर्षं कीबोर्ड बडवला.

परदेशात, विशेषतः इंग्लंडमध्ये, घरच्या शेडमध्ये लेथ ठेवणं हा रीतसर छंद आहे. 'मॉडेल इंजिनिअर' नावाचं मासिक तिथे 1898 साली सुरू झालं. 1946 साली आलेला मायफर्डचा एमएल-7 हा छोटा लेथ तर अशा घरोघरच्या शेडसाठीच प्रसिद्ध झाला. निवृत्त पोस्टमास्तर, डॉक्टर वगैरे मंडळी त्यावर वाफेची चिमुकली इंजिनं बनवतात. आपल्याकडे लेथ म्हणजे पोट. ज्यावर पोट भरलं त्याच्यावर कुणी शौक म्हणून उभं राहतं का? मी पहिल्यांदा लेथ चालू केला तेव्हा अण्णांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मला अजून नीट वाचता आलेलं नाही.

असो. तोटीकडे वळू.

बंबाची तोटी दिसायला साधी. आत एक निमुळती खुंटी असते, तिला आडवं भोक. खुंटी फिरवली की भोक समोर येतं आणि पाणी सुटतं. पाणी अडतं ते निव्वळ पितळावर पितळ घट्ट बसल्यामुळे, वॉशर-बिशर काही नाही. वर्षानुवर्षं फिरून खुंटी झिजली होती. मी व्हर्नियर लावला. जाड टोकाला 16 मिलिमीटर, बारीक टोकाला 13, लांबी 25. म्हणजे एका बाजूला दीड मिलिमीटरचा उतार, 25 मध्ये. कॅल्क्युलेटरने सांगितलं, 3 अंश 26 मिनिटं. लेथची वरची स्लाईड तेवढी तिरकी केली आणि पितळेचा गज चकमध्ये धरला.

पितळ कातायला गोड असतं. पोलादाचे लांब, वेटोळे कीस निघतात, निळेजांभळे आणि हात कापणारे. पितळाचे बारीक सुयांसारखे कण उडतात. डोळ्यांवर चष्मा हवाच. टूलचं तोंड वर सपाट लागतं, कारण पोलादासाठी देतो तसा उतार दिला तर टूल पितळात घुसतं आणि जॉबला ओढतं. हे मला अर्थातच एक जॉब वाया घालवल्यावर कळलं.

खुंटी सुंदर झाली. 'कातीव' हा शब्द आपण चेहऱ्यासाठी वापरतो, नाकासाठी वापरतो, तो मुळात या कामाचा. कातणारा तो कातारी. मी खुंटी हातावर घेऊन घरभर दाखवली. मग तोटीत बसवली, वर पाणी ओतलं, आणि पाणी आधीपेक्षा जास्त गळलं.

अण्णा खोलीच्या दारात खुर्चीवर बसले होते. आता त्यांना अठ्ठ्याहत्तर सरलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण बारीक दिसत नाही. मी लेथ लावला की ते खुर्ची आणून बसतात आणि ऐकतात. मध्येच "टूल बसलं तुझं, धार लाव" म्हणतात आणि ते खरं असतं. त्या दिवशी मात्र ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तू खुंटी मोजलीस. भोक मोजलंस?"

नव्हतं मोजलं. झिजली ती फक्त खुंटीच, असं मी गृहीत धरलं होतं. भोकही झिजलं होतं, आणि तेही गोल नव्हे, अंडाकृती. अशा भोकात जगातली सर्वांत गोल खुंटी घातली तरी गळणारच.

"आता?" मी विचारलं.

"आता दोन्ही कात. आणि कोन हलवायचा नाही."

पुढचा अर्धा तास त्यांनी मला जे समजावलं ते मी कागदावर चित्र काढून मगच समजलो. खुंटी बाहेरून कातताना टूल आपल्या बाजूला असतं. तीच तिरकी स्लाईड अजिबात न हलवता भोक आतून कातायचं, पण पलीकडच्या भिंतीला, टूल उलटं धरून. तिथे तोच उतार आपोआप उलटा लागतो. मग कोन 3 अंश 26 मिनिटं आहे की 3 अंश 40, याला काही महत्त्वच उरत नाही. खुंटी आणि भोक एकाच चुकीतून निघतात, म्हणून एकमेकांना बसतात. मी विचारलं, टूल उलटं करण्यापेक्षा मोटर उलटी फिरवली तर? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बस. आमच्या लेथचा चक आट्यांवर चढवलेला आहे, उलटा फिरवला तर सुटून अंगावर येईल.

मला इथे हेन्री मॉडस्लेची आठवण झाली. 1800 च्या आसपास लंडनमध्ये त्याने आटे पाडणारा अचूक लेथ उभा केला. त्याच्याकडे एक मायक्रोमीटर होता, त्याला तो 'लॉर्ड चॅन्सेलर' म्हणायचा, कारण मापावरून भांडण झालं की अखेरचा निवाडा त्याचा. माझाही लॉर्ड चॅन्सेलर कॅल्क्युलेटर होता. अण्णांनी त्याला कोर्टाबाहेर काढला. दोन वस्तू एकमेकींना बसायच्या असतील तर दर वेळी तिसऱ्याकडे मापासाठी जावं लागत नाही.

तोटीचं अंग वेडंवाकडं, त्यामुळे ते चार जबड्यांच्या चकमध्ये धरून, डायल लावून मध्यावर आणायला मला दीड तास लागला. एक जबडा ढिला, समोरचा घट्ट, फिरवून बघ, पुन्हा. तेवढ्या वेळात मामांचा फोन येऊन गेला. मामा दर पावसाळ्यानंतर फोन करून लेथ विकायचं सुचवतात. त्यांचंही चूक नाही. 2008 च्या सप्टेंबरात गोदावरीला पूर आला, दुतोंड्या मारुती बुडाला आणि आमच्या पुढच्या खोलीत कमरेइतकं पाणी शिरलं. चार-साडेचारशे किलोचं धूड, वर कुठे नेणार? पाणी ओसरल्यावर अण्णांनी चार दिवस रॉकेल आणि ऑइल लावून बेड पुसला. अजून टेलस्टॉकजवळ गंजाचे डाग आहेत. त्यानंतर निळी आणि लाल पूररेषा आखली गेली, आणि मामांच्या हाती एक नवा मुद्दा आला.

पण आईने मला एक गोष्ट सांगितली आहे, ती मामांना ठाऊक नसावी.

अण्णांच्या डाव्या हाताचं मधलं बोट अर्धंच आहे. मला बरीच वर्षं वाटायचं की ते कारखान्यात गेलं. ते इथे गेलं, या खोलीत. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, होस्टेलवर. अण्णा रात्रपाळी करून आले आणि झोपायच्या आधी पिनांची एक ऑर्डर पुरी करायला बसले. चालू चकजवळ चिंधीने ऑइल पुसलं. चिंधी गुंडाळली गेली, बोट तिच्याबरोबर गेलं. ऑर्डरचे पैसे माझ्या सेमिस्टरच्या फीचे होते. मला कळवायचं नाही असं ठरलं. सुट्टीत आलो तेव्हा "मशीनवर लागलं" एवढंच सांगितलं. कुठल्या मशीनवर, हे मी विचारलं नाही. आईने हे मला तीन वर्षांपूर्वी सांगितलं. त्याच महिन्यात मी पहिल्यांदा लेथ चालू केला. का, ते मला विचारू नका. एवढं कळलं की हे यंत्र भंगारात घालणं माझ्याच्याने होणार नाही, आणि नुसतं झाकून ठेवणंही.

भोक कातून झालं. आधीची खुंटी आता बारीक पडली, म्हणून त्याच कोनात दुसरी, थोडी जाड कातली. आडवं भोक पाडलं. दोन्हींच्या मध्ये जरासं ब्रासो लावून हलक्या हाताने फिरवून बसवली आणि धुऊन घेतली. खुंटी अण्णांच्या हातात दिली. डोळ्यांजवळ न नेता त्यांनी ती अंगठा आणि त्या अर्ध्या बोटात धरून फिरवली, तोटीत घातली, काढली, पुन्हा घातली.

"चालेल," म्हणाले.

बंबात रात्रभर पाणी भरून ठेवलं. सकाळी तोटीखालचा कागद कोरडा होता. खरं सांगायचं तर कडेला एक थेंब होता. आत्या म्हणाली, एवढं चालतं, तिच्या सासूबाईंच्या काळातही एक थेंब असायचाच. नरकचतुर्दशीला पहाटे आम्ही सगळे तिच्याकडे गेलो आणि पहिलं पाणी अण्णांनी घेतलं.

मामा, वाचताय ना? लेथ विकायचा नाही. पुढच्या पुराच्या आधी मोटर आणि चक काढून माळ्यावर न्यायची सोय करतोय, कप्पी लावून. आपल्या ओळखीत कुणी चांगला लोहार असेल तर कळवा.

राहिला एक नियम. लेथ शिकताना अण्णांनी मला पहिल्या दिवशी तो सांगितला. चकची चावी हातातून सुटली की ती चकमध्ये राहता कामा नये, भिंतीच्या खिळ्यावर गेली पाहिजे. चावी तशीच राहिली आणि मोटर चालू झाली, तर ती गोळीसारखी सुटते. अंगठी काढायची, बाह्या वर, हातमोजे नाहीत, आणि चालू चकजवळ चिंधी नाही. शेवटचं सांगताना त्यांचा आवाज बदलला नव्हता.

रोज रात्री दिवा मालवल्यावर आतल्या खोलीतून ते विचारतात, "चावी खिळ्यावर आहे ना?"

मी उठून बघून येतो, मगच आहे म्हणतो.