कवडीचुंबकाची पेठ

पॅरिसला जाणारे आपले बहुतेक प्रवासी आयफेलचा मनोरा, लूव्रमधील चित्रसंग्रह आणि सीन नदीचा कांठ पाहून कृतार्थ होतात. परंतु ज्याला नाट्यकलेची गोडी आहे, त्यानें एक सबंध दिवस राखून ठेवावा आणि सेंट युस्ताशच्या देवळापासून रिशेल्यू मार्गापर्यंतचा टापू पायीं हिंडून पाहावा. हें अंतर मैलभरसुद्धां नाहीं. तरी फ्रेंच रंगभूमीचा मुकुटमणि जो मोलियर, त्याचा जन्म, कीर्ति आणि मृत्यु या सर्वांच्या खुणा याच पेठेंत आहेत.

सेंट युस्ताशच्या भव्य देवळांत १६२२ सालच्या जानेवारीच्या १५ तारखेस त्याचें नामकरण झालें. त्याचें खरें नांव झां बाप्तिस्त पोक्लां. देवळाच्या शेजारीं पॅरिसची मोठी मंडई शतकानुशतकें भरत असे. १९६९ सालीं ती शहराबाहेर गेली. आतां तेथें बाग आणि जमिनीखालीं दुकानांची रांग आहे. जवळच सेंट ओनोरे मार्गावर मोलियरच्या पित्याचें घर होतें. गाद्यागिर्द्या, पडदे आणि बिछाईत यांचा त्याचा धंदा असून १६३१ पासून राजवाड्यांतील त्या खात्याचा हुद्दाही त्याजकडे होता. अशा सुखवस्तु आणि हिशेबी घरांतील थोरल्या मुलानें पित्याची गादी चालवावी, ही अपेक्षा स्वाभाविकच होती. मुलानें मात्र १६४३ सालीं नाटकमंडळी काढिली!

परिणाम व्हावयाचा तोच झाला. १६४५ सालीं कर्जापायीं त्याला शातले येथील तुरुंगांत जावें लागलें. रंगभूमीवर ज्या मेणबत्त्या जळत, त्या पुरविणारा व्यापारीही धनकोंत होता. तो किल्लेवजा तुरुंग केव्हांच जमीनदोस्त झाला. आज त्या जागीं चौकाला त्याचें नांव तेवढें उरलें आहे. सुटका झाल्यावर मोलियर सुमारें तेरा वर्षें परगांवीं हिंडला, आणि १६५८ सालीं परत येऊन चौदाव्या लुईच्या दरबारीं त्यानें आपला खेळ करून दाखविला. सावकार म्हणजे काय चीज असते, हें त्याला पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें.

तेथून पश्चिमेस वळलें कीं पाले रोयाल लागतो. या वाड्याच्या पूर्वेकडील नाटकगृहांत १६६८ सालीं ९ सप्टेंबर रोजीं 'लाव्हार', म्हणजे 'कृपण', या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. तें नाटकगृह १७६३ सालीं जळालें. कथेचें मूळ प्लाउटस या रोमन नाटककाराचें. परंतु माणसें अस्सल पॅरिसचीं आहेत. हार्पागों हा विधुर, सधन सावकार. त्यानें दहा हजार एकूंचें सोनें पेटींत घालून बागेंत पुरलेलें. घोडे उपासानें मोडकळीस आलेले. स्वयंपाकी आणि गाडीवान एकच, त्यामुळें धन्याची हांक कोणाला आहे तें विचारून तो बिचारा अंगरखा बदलतो. मुलगी एलीझ हिला एका वयस्क गृहस्थास द्यावयाचें ठरतें, कारण तो हुंडा मागत नाहीं. कोणी कांहींही आक्षेप काढो, बापाचें उत्तर एकच: हुंड्यावांचून! आपल्याकडे देवलांच्या 'शारदे'नें १८९९ सालीं जरठविवाहाचा जो प्रश्न मांडिला, त्याची आठवण येथें झाल्यावांचून राहत नाहीं. तेथें बाप मुलीचे पैसे घेतो, येथें वांचवितो. मुलीचें मोल दोन्हीकडे नाण्यांतच होतें. पुढें आचार्य अत्रे यांनीं याच नाटकावरून आपलें 'कवडीचुंबक' रचिलें.

नाटकांतील सर्वांत विदारक प्रवेश कर्जाचा आहे. मुलगा क्लेआंत दलालामार्फत पंधरा हजारांचें कर्ज काढूं पाहतो. अज्ञात सावकार प्रथम शेंकडा साडेपांचाच्या आंतबाहेर व्याज सांगतो. मग आपणांसच ती रक्कम शेंकडा वीस दरानें उसनी आणावी लागेल, सबब तो बोजाही ऋणकोनें सोसावा, असें तो म्हणतो. शिवाय तीन हजारांच्या ऐवजीं जुनें सामान घ्यावयाचें. त्यांत गवत भरलेलें एका सरड्याचें कातडेंही आहे! प्रत्यक्ष भेट होते तेव्हां सावकार बाप आणि ऋणको मुलगा एकमेकांसमोर उभे! एका छपराखालीं राहणारीं दोन माणसें दलालाच्या ओळखीनें भेटावींत, यापरतें घराचें दुर्दैव कोणतें?

पेटी चोरीस गेल्यावर हार्पागों वेडापिसा होऊन आपलाच हात चोर म्हणून पकडतो आणि प्रेक्षकांतही चोर शोधूं लागतो. शेवटीं पेटी मिळते, मुलांचीं लग्नें ठरतात. हा मात्र लग्नासाठीं आपणांस नवा पोषाख कोणी तरी करून द्यावा एवढेंच मागतो. मोलियरनें त्याला सुधारूं दिलें नाहीं. व्यसन सुटतें असें दाखविणें सोपें होतें. परंतु तें खरें झालें नसतें.

त्या वर्षीं या नाटकाचे थोडेच प्रयोग झाले. आतां मात्र पाले रोयालच्या दुसऱ्या अंगास असलेल्या कोमेदी फ्रांसेझमध्यें तें वारंवार होतें. मोलियर अखेरच्या प्रयोगांत ज्या खुर्चींत बसला होता, ती खुर्चीही या संस्थेनें जपून ठेविली आहे. पांच मिनिटांवर बँक ऑफ फ्रान्सची इमारत आहे. तिच्याखालील खोल तळघरांत राष्ट्राचें सोनें पुरलेलें असतें, हें कळल्यावर प्रवाशास हंसूं आल्यास नवल नाहीं.

रिशेल्यू मार्गावर १८४४ सालीं बांधलेल्या कारंज्यावर मोलियरचा पुतळा आहे. त्या रस्त्यावरच १६७३ सालच्या फेब्रुवारीच्या १७ तारखेस, प्रयोग आटोपून घरीं आल्यावर, त्याचा अंत झाला. नट म्हणून धर्माधिकाऱ्यांनीं अडवणूक केली आणि दफनविधि रात्रीं उरकावा लागला.

येथें उभें राहून एक गोष्ट आठवावी. ज्या १६६८ सालीं त्यानें बापलेकांमधील सावकारी रंगविली, त्याच सालीं त्याच्या वृद्ध पित्यास घराच्या दुरुस्तीसाठीं पैशाची गरज पडली. मोलियरनें आपलें नांव पुढें येऊं न देतां रोओ नामक मित्राच्या हातून दहा हजार लिव्हर पित्यास कर्जाऊ दिले. येथेंही बापलेकांमध्यें तिऱ्हाईत होताच. परंतु तो वडिलांचा मान राखण्याकरितां होता. पित्याचें पुढच्या वर्षींच निधन झालें. नाटकाच्या मदतीवांचूनही ज्या घरांत एवढी समज असेल, त्या घरास हार्पागोंचें भय नाहीं.