एकाच छपराखालचा ब्रोकर

अपाचे कराफ या ओएसजीआय कंटेनरच्या कन्सोलवर एक-दोन ओळी टाइप केल्या, की ॲक्टिव्हएमक्यूचा ब्रोकर आपल्या ॲप्लिकेशनच्याच कंटेनरमध्ये उभा राहतो. लागणारी बंडल्स आपोआप येतात आणि 61616 पोर्ट उघडतो. सर्व्हिसमिक्सने ही रचना रूढ केली, जेबॉस फ्यूज 6 ने ती तयार स्वरूपात मोठ्या संस्थांपर्यंत नेली. एवढ्या सहज जमणाऱ्या या गोष्टीचा मला अजूनही राग येतो. सोय पहिल्याच दिवशी पदरात पडते. किंमत मात्र पुढे कधीतरी मोजावी लागते, आणि ती मोजणारा बहुधा निर्णय घेणारा नसतो.

ब्रोकर ठेवायचा कशासाठी? पाठवणारा आणि घेणारा एकाच वेळी चालू असण्याची सक्ती संपावी म्हणून. घेणारा बंद पडला तरी निरोप क्यूत थांबतो, केहाडीबी या स्टोअरच्या फाइलींत डिस्कवर टिकतो, आणि घेणारा परत आला की त्याला मिळतो. आता हाच ब्रोकर घेणाऱ्याच्या प्रोसेसमध्ये बसवला, तर घेणारा कोसळताना ब्रोकरही कोसळतो. डिस्कवरचे निरोप राहतील, पण नवा निरोप स्वीकारायला दारात कोणी नसेल. यावर ‘ओएसजीआयमध्ये प्रत्येक मॉड्यूल वेगळे असते ना?’ असे विचारले जाते. असते, पण कोणत्या अर्थाने? कोणते पॅकेज कोणाला दिसावे, कोणती आवृत्ती कोणाला मिळावी, एवढेच ओएसजीआय ठरवते. हीप एकच, गार्बेज कलेक्टर एकच, प्रोसेस एकच. वाड्यात पार्टिशन घालून खोल्या पाडल्या तरी छप्पर एकच राहते, तसे हे आहे. एखाद्या बंडलने मेमरी गळवली तर ब्रोकरलाही ती मिळत नाही. ब्रोकरच्या स्वतंत्र वितरणातल्या नमुना फाइलीत निरोपांसाठी हीपच्या 70 टक्क्यांची मर्यादा असते. ती फाइल कराफमध्ये जशीच्या तशी आणली, तर तो आकडा शेजाऱ्यांची गरज न बघता संपूर्ण हीपवर लागू होतो. मर्यादा जवळ आल्यावर पाठवणाऱ्यांना रोखणारी फ्लो कंट्रोलची यंत्रणा ब्रोकरच्या स्वतःच्या हिशेबावर चालते. इतरांनी हीप किती खाल्ली हे त्या हिशेबात नसतेच.

एकत्र राहण्याच्या बाजूने सर्वांत आधी वेगाचा मुद्दा येतो. एकाच जेव्हीएममध्ये व्हीएम ट्रान्सपोर्ट वापरता येतो, सॉकेटचा खर्च वाचतो. हे खरे आहे. पण मला सर्वांत जास्त खटकते ते याच ट्रान्सपोर्टचे एक मूळ वर्तन. दिलेल्या नावाचा ब्रोकर सापडला नाही, तर हा ट्रान्सपोर्ट चूक दाखवत नाही. त्या नावाचा नवा ब्रोकर स्वतःच सुरू करतो. साध्या युनिट टेस्टसाठी ही सोय छान आहे. कराफमध्ये मात्र बंडल्स कोणत्या क्रमाने सुरू होतील हे गृहीत धरता येत नाही. ॲप्लिकेशनचे बंडल आधी उठले, तर तुम्ही कॉन्फिगर केलेल्या ब्रोकरऐवजी ना सुरक्षेचे नियम, ना ठरवलेली स्टोअरची जागा अशा भलत्याच ब्रोकरशी ते जोडले जाते. पत्त्यातले ब्रोकरचे नाव चुकले तरी हेच घडते, तेही कायमचे: खरा ब्रोकर मागाहून उठतो, कन्सोलवर त्याच्या क्यू रिकाम्या दिसतात, आणि निरोप पाठवल्याची नोंद तर लॉगमध्ये असते. कोणीच खोटे बोलत नाही, पण निरोप पोचत नाही. पत्त्यात ‘क्रिएट’चा पर्याय ‘फॉल्स’ करणे आणि ब्रोकरची थोडी वाट बघायला सांगणे हा उपाय आहे. तो दस्तऐवजात लिहिलेलाही आहे. तरीही, विसरले तर निरोप भलतीकडे जातील असे वर्तन मूळ पर्याय म्हणून असावे, हे मला पटत नाही.

दुसरा मुद्दा हॉट डिप्लॉयमेंटचा: जेव्हीएम न थांबवता ब्रोकर बदलता येतो. पण ब्रोकरचे बंडल थांबले म्हणजे ब्रोकर थांबलाच. वाचला तो फक्त जेव्हीएमचा रीस्टार्ट. शिवाय रिफ्रेश करताना त्या बंडलच्या पॅकेजेसवर अवलंबून असलेली बंडल्सही थांबून पुन्हा सुरू होतात. एकाच प्रोसेसचा धोका सुरक्षेतही दिसतो. ऑक्टोबर 2023 मध्ये ॲक्टिव्हएमक्यूच्या ओपनवायर या प्रोटोकॉलमधली गंभीर त्रुटी (सीव्हीई-2023-46604) जाहीर झाली. पोर्टपर्यंत पोचलेल्या कोणालाही ब्रोकरच्या प्रोसेसमध्ये हवा तो आदेश चालवता येत होता. त्या प्रोसेसमध्ये बिलिंगचे बंडलही असेल, तर डेटाबेसचे पासवर्डही तिथेच हाताशी असतात.

इतके सगळे म्हटल्यावरही एका ठिकाणी मी उलट बाजूला जातो. दूरच्या गोदामात किंवा कारखान्यात, जिथे मुख्यालयाशी असलेली लाइन वारंवार तुटते, तिथे ॲप्लिकेशनजवळच छोटा ब्रोकर ठेवून नेटवर्क कनेक्टरने निरोप मध्यवर्ती ब्रोकरकडे पाठवणे मला योग्य वाटते. तिथे भीती लाइनची असते, प्रोसेसची नव्हे, आणि ॲप्लिकेशनच बंद असेल तर पाठवायलाही काही नसते. इतरत्र कराफ सोडायचीही गरज नाही. त्याच्याच ‘इन्स्टन्स’च्या आदेशाने फक्त ब्रोकरसाठी वेगळा इन्स्टन्स काढता येतो. त्याला स्वतःची जेव्हीएम, स्वतःचा डेटा फोल्डर आणि वेगळा एसएसएच पोर्ट मिळतो. ॲप्लिकेशनच्या पत्त्यात व्हीएमच्या जागी टीसीपी येते आणि त्याला फेलओव्हरचे वेष्टन घालावे लागते. मग ब्रोकर रीस्टार्ट झाला तरी ॲप्लिकेशन आपणहून पुन्हा जोडले जाते.